पडजीभ

माझ्या सासूबाई, चिमाबाई, नातेपुत्याकडच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सोलापुरात येऊन पस्तीसेक वर्षं झाली, पण गल्लीत मान डॉक्टरापेक्षा जास्त. कुणाचं लेकरू दूध पिईना, कुणाचा घसा दुखायला लागला, की बाया थेट आमच्या दारात. आत्याबाई अंगठ्याला हळद-मीठ लावायच्या, तोंडात घालायच्या आणि पडलेली पडजीभ वर दाबायच्या. त्यांच्या आईकडून आलेली विद्या. बदल्यात कधी काही घेतलं नाही.

मी चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला जाते. दिवसभर उभं राहून घरी यावं तर उंबऱ्यात कुणाचं तरी रडकं पोर. मला त्या अंगठ्याचा मनापासून वैताग होता, पण आमच्या घरात तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर त्यांचाच घसा धरला. आवंढा गिळला की डोळ्यांत पाणी यायचं. जबड्याखाली उजवीकडे गाठ हाताला लागायची. "पडजीभच हाय," त्या म्हणाल्या आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचंच दाबायला लागल्या. सकाळी दाबायच्या, संध्याकाळी दाबायच्या. गाठ वाढतच गेली. भाकरी सुटली, मग भात सुटला, पुढे चहासुद्धा जाईना. दवाखान्याचं नाव काढलं की हातानंच नको म्हणायच्या. तोंड उघडेनासं झालं, अंगठा आत जाईना, तेव्हा कुठं उठल्या. सुपरवायझरची बोलणी खाऊन मी रजा काढली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण पोरगी. जमेल तेवढं तोंड उघडायला लावून तिनं बॅटरीनं आत पाहिलं.

"घशात पू झालाय. कुणी बोट घालून दाबलं होतं का?"

बोलायची संधी आयती चालून आली होती. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्यांचं उतरलेलं तोंड पाहून मला बोलवेना. शेवटी आत्याबाईंनीच आपला अंगठा वर करून दाखवला.

"दाबून दाबून वाढवलंत, आजी. अजून थांबला असता तर श्वास अडकला असता." ती रागावली नाही. सकाळपासून पेशंट बघून तीही दमलेली दिसत होती. तिनं सुईनं पू काढला. तेवढा वेळ आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट आवळून धरलं होतं.

औषधं घेऊन आम्ही बाहेर बाकावर टेकलो, तोच मागच्या गल्लीतली दानम्मा दिसली. तान्ह्या नातवाला घेऊन रांगेत उभी होती. आत्याबाईंना बघताच रांग सोडून आली.

"चिमाक्का, बरं झालं भेटलात. कालपासनं दूध पिईना बघा. रांग तर केवढी हाय. हितंच जरा दाबा की."

असं म्हणून तिनं लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलंसुद्धा. आत्याबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"न्हाय," त्या कशाबशा म्हणाल्या. "डॉक्टरला दाव."

"अवो, तुमच्या हाताला गुण हाय."

"न्हाय म्हंते न्हवं. हे बग, माजाच घसा मी दाबून नासवला. आता कुनाचाच दाबायची न्हाय."

दानम्मानं लेकरू उचललं आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं. मला बरं वाटायला हवं होतं, वाईटच वाटलं.

"चला आत्याबाई, रिक्षा बघते," मी म्हणाले. त्या उठल्या नाहीत. रांगेतलं ते लेकरू आता रडायला लागलं होतं.

"लेकरं लई कळवळायची गं, ऋतुजा. मी म्हनायची, रडू दे, सुटलं बग आता." त्यांनी आवंढा गिळला आणि डोळे मिटून घेतले. "असं दुकतं व्हय. मला म्हाईतच न्हवतं."