मामाजींची मुंबईची शेठाणी

मुंबईच्या श्रीमंतांची काळजी आमच्या मामेसासऱ्यांनी जितकी वाहिली, तितकी त्या श्रीमंतांच्या बायकामुलांनीही वाहिली नसेल. मामाजी म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. एकटे, सडेफटिंग, राहायला आमच्याकडेच, नंदुरबारला. जन्मात कधी मुंबईला गेले नाहीत. एका बाजूला सुरत नि दुसऱ्या बाजूला भुसावळ, एवढीच त्यांची आगगाडी. पण ते एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत गोष्ट सांगायच्या कामावर होते. तेव्हाची चित्रं मुकी. पडद्यावर ओठ हलायचे आणि कोण काय बोललं ते पडद्याशेजारी उभं राहून कोणीतरी ओरडून सांगायचं. तंबूच्या मालकाकडे धड अवस्थेतलं एकच चित्र होतं. त्यात मुंबईचा एक गडगंज शेठ, त्याची शेठाणी आणि त्यांची मित्रमंडळी, सगळं असून जिवाला चैन नाही म्हणून शांती शोधायला एका बुवाच्या मागे डोंगरात जातात, आणि जाताना आचारी, गाद्या नि ग्रामोफोन बरोबर नेतात. शहादा, तळोदा, प्रकाशा असं करत मामाजींनी हे चित्र इतकी वर्षं सांगितलं, की ती माणसं त्यांच्या नात्यातलीच होऊन बसली.

उन्हाळा तापला की ते जेवता जेवता थांबत आणि शेठला हा उकाडा सोसणार नाही म्हणून हळहळत. तळोद्याच्या बाजारात एकदा एक जाड घोंगडी हातात धरून बराच वेळ उभे राहिले. दुकानदाराने घेणार का विचारलं, तर म्हणाले, मला नको, पण आमच्या मंडळींनी ही नेली असती तर डोंगरावर गाद्या न्यायची पाळी आली नसती. दुकानदाराने मंडळी कुठली म्हणून विचारलं, आणि मग तो बिचारा तासभर अडकला.

तंबूत तर त्यांचंच राज्य. शेठला ते गुजरातीत बोलायला लावत, शेठाणीला आपल्या अहिराणीत, आणि बाजाराला उतरलेली डोंगरातली माणसं पुढे बसलेली दिसली की आचाऱ्याच्या तोंडी भिली घालत. शुद्ध मराठी फक्त बुवाला. मी कारण विचारलं, तर म्हणाले की कचेरीतलं बोलणं कोणाला समजत नाही आणि सगळे हात जोडतात, मग बुवालाही तेच शोभतं. रीळ तुटलं तरी मामाजी तुटत नसत. एकदा रीळ जोडेपर्यंत त्यांनी बुवाला तोरणमाळच्या वाटेवर फौजदाराकडून पकडवला, कबुली घेतली आणि तुरुंगातही टाकला. तेवढ्यात यंत्राचा दिवा पुन्हा लागला, आणि पडद्यावर बुवा पुन्हा आसनावर बसलेला, पायाशी शेठ. मामाजींनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, "सुटना. जामीनवर." तंबू हसून लोळला. मालक मात्र चिडला. तो त्यांना दर मुक्कामाला एकदा तरी कामावरून काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बोलवायला यायचा.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून आले होते. अहिराणी कानाला नवी, माणसं नवी. दुसऱ्या वर्षी माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं. घरातल्यांनी मला दुखवायचं नाही म्हणून त्याचा विषयच बंद केला. मीही बंद झाले. काम करायची, जेवायची, पण बोलायची नाही, आणि रडूही येत नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघत आणि पदर सावरून आत जात. तंबू गावात आला तेव्हा मामाजींनी बहिणीला सांगितलं की आज सुनेला घेऊन ये. मला जायचं नव्हतं; नाही म्हणायचं त्राणही नव्हतं. कनातीआड बायकांत जाऊन बसले.

चित्र नेहमीसारखंच हसवत पुढे गेलं. शेवटी सगळे डोंगरावरून परत येतात, शेठ गादीवर आडवा होतो, ग्रामोफोन सुरू होतो, आणि शेठाणी एकटीच सज्जात बसून समोर बघत राहते. मामाजी इथे दरवेळी तिच्या गुडघ्यांवर, डोंगर चढून आलेल्या फोडांवर काहीबाही बोलून हशा पिकवत. त्या दिवशी बोललेच नाहीत. सवयीने माणसं हसू लागली, तेव्हा हात वर करून ते हळू आवाजात म्हणाले, "हासू नका. हिनं काहीतरी हारपी जायेल शे. काय हारपनं, ते हिले कोन्ही इचारतच नही."

एवढी अहिराणी मला समजत होती. तंबू गप्प झाला, आणि त्या शांततेत मी पदर तोंडात धरून रडायला लागले. सासूबाईंनी मला कुशीत ओढलं. त्याही रडत होत्या. शेजारच्या अनोळखी बायका काही न विचारता जवळ सरकल्या.

सकाळी मी चुलीपाशी होते. मामाजी चहा घ्यायला आले, पाट ओढून बसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "शेठाणी तुन्ही चौकशी करी ऱ्हायनी व्हती, माय." मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलेलं ते पहिलं हसू. आणि मग मी त्यांना बाळाचं सगळं सांगितलं. केस किती दाट होते, बोटं कशी होती, नाव काय ठेवायचं मनात होतं. चहा निवून गेला, तरी ते ऐकत राहिले. त्यानंतर घरात त्या बाळाचं नाव निघू लागलं. पुढे मला मुलं झाली, घर भरलं. पण मी माणसांत परत आले ती त्या सकाळी, असंच मला वाटतं.

पुढे बोलपट आले. मालकाने नवं यंत्र आणलं आणि मामाजींना काढलं, आणि या वेळी मात्र तो पुन्हा बोलवायला आला नाही. मामाजींनी तक्रार केली नाही. एकदा मीच हट्टाने त्यांना बोलपटाला घेऊन गेले. पडद्यावरची माणसं स्वतःच्या तोंडाने बोलत होती, गात होती. मामाजी मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत होते. घरी येताना मी विचारलं, कसा वाटला.

"चांगलं बोलतस त्या," ते म्हणाले. "पन एकमेकसंगेच बोलतस. आपलासंगे कोन्ही बोलत नही."

मी त्यांचा हात धरला. स्टेशनाकडून सुरतेची गाडी निघाल्याचा आवाज येत होता. घर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलत राहिले, माझ्या मोडक्या अहिराणीत, जे सुचेल ते.