डावीकडचं बटण

बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावरून माणसं एकमेकांशी अबोला धरतात असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. पण आमच्यात तसं झालं खरं. आम्ही काही जण मिळून छोट्या दुकानांसाठी बिलं करणारं आणि मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, ज्याला जमेल त्यानं हातभार लावावा. मी सोमाटण्यातल्या घरात बसून लावते. ज्याच्याबरोबर हे सुरू केलं तो मित्र लोणावळ्याचा, घरचं चिक्कीचं दुकान. बिलाचा जवळजवळ सगळा भाग त्याच्या हातचा.

नवे लोक येत गेले तसतसा प्रत्येक पानाचा चेहरा वेगळा होऊ लागला. कुठे बटण हिरवं, कुठे निळं, कुठे तळाशी, कुठे डोक्यावर. म्हणून पुण्यातल्या एका डिझायनर मुलीनं सगळ्या पानांसाठी एकसारखे नियम लिहून आमच्या गटात मांडले. आमची पद्धत अशी, की प्रस्ताव टाकायचा, आठवडाभर थांबायचं, आणि कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. कोणीच हरकत घेतली नाही.

घेणार कोण? ऐन पावसाळ्याचे दिवस. तेव्हा लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि माझा मित्र दिवसभर दुकानात अडकलेला. त्यानं तो निरोप उघडलाच नव्हता. मग एका रविवारी नवी आवृत्ती आपोआप दुकानातल्या कॉम्प्युटरवर आली. गल्ल्यावर त्याच्या अम्मी होत्या. समोर गिऱ्हाइकांची झुंबड, स्क्रीनकडे निरखून बघतंय कोण? इतकी वर्षं जिथे 'जतन करा' होतं, तिथे डावीकडे आता 'पुसा' आलं होतं. अम्मी सवयीनं तिथेच दाबत राहिल्या. 'नक्की पुसायचं?' असं विचारलं, तर त्यालाही हो म्हणत राहिल्या. दुपारभराची बिलं गेली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. ओरडला असता तर परवडलं असतं. अगदी शांतपणे म्हणाला, की तो कोडची स्वतःची वेगळी प्रत काढणार आणि यापुढे तीच चालवणार. खुल्या कोडात तसं करायला कोणाची बंदी नसते. तो गेला असता तर बिलाचा कोड समजणारं माणूस उरलं नसतं, हे तर झालंच. पण रोज सकाळी चहाच्या वेळी येणारा त्याचा फोनही बंद झाला असता, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त लागलं असतं. मी त्याला एवढंच म्हटलं, जायचं तर जा, पण एकदा समोर बसून भांड आणि मग जा.

मळवली स्टेशन सगळ्यांना सोयीचं, म्हणून तिथून जवळच्याच भाजे गावात एका मावशींनी पाहुण्यांसाठी काढलेल्या खोलीत आम्ही तिघं बसलो. सगळी सकाळ डावं-उजवं करण्यात गेली. मुलगी म्हणत होती, मुख्य बटण जगभर उजवीकडेच असतं, आणि मी विचारलं तेव्हा तुमची दातखीळ बसली होती का? तो म्हणत होता, तुम्ही मुद्दाम सीझन गाठून ठरवलंत. मी समेट करायला म्हणून मधे पडले आणि स्वभावाला जागून दोघांवरही डाफरले.

भुकेनं सगळ्यांचे आवाज खाली आले, तेव्हा जेवणाचं बघायला मी मागच्या दारी गेले. गॅस बंद, तवा पालथा. मावशी निवांत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मगाशी दारात उभी ऱ्हाऊन इचारलं, किती जनांचं टाकू म्हून," त्या म्हणाल्या. "कुनीच बोललं न्हाई. मंग मी समजले, जेवायचं न्हाई तुमाला."

मी आत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मित्रच म्हणाला, "मावशींचा नियम आपल्यापेक्षा बरा. निदान काही पुसलं तरी जात नाही."

मुलगी हसत सुटली, आणि हसता हसता एकदम गंभीर होऊन त्याला म्हणाली, "तुमचा सीझन कधी असतो हे मला खरंच माहीत नव्हतं. मुद्दाम नाही केलं." त्यानं मान हलवली. इतके दिवस त्याला बहुतेक एवढंच ऐकायचं होतं.

मावशींनी भात टाकला, तो शिजेपर्यंत आमचं सगळं ठरूनही गेलं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. ज्याचं पान बदलायचं, त्यानं स्वतः हो म्हटल्याशिवाय ते बदलायचं नाही. बटण उजवीकडेच राहिलं, ते त्यानं फारशी कुरकुर न करता मान्य केलं. 'पुसा' मात्र बिलाच्या पानावरून कायमचं काढलं. झालेलं बिल रद्द करता येईल, पण ते दिसत राहील. इतकी साधी गोष्ट होती, आणि आम्ही सकाळपासून उगाच घसा कोरडा करत होतो.

जेवायला बसलो तरी त्याच्या वेगळ्या प्रतीचं विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यानं भातावर आमटी घेतली आणि माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाला, "गोदामाची पानं अजून जुन्याच रंगात आहेत. ती मी करतो, तू फक्त तपासून दे."

मी ठसका लागल्याचं सोंग केलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आमटी काही तेवढी तिखट नव्हती.