बर्फाची रेघ

लहानपणी बाबा म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी लागली आहे. त्यांची लाकडाची वखार होती, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, आणि शाळा सुटली की मी तिथे ओंडक्यांवरून उड्या मारत फिरायची. बाबा एखाद्या ओंडक्यावर बसलेले असत. मला बघितलं की शेजारच्या जागेवर तळहाताने दोनदा थाप मारत. म्हणजे, बस जरा. मी बसायची आणि पाच मिनिटांत उठायची. ही सवय लग्नानंतरही गेली नाही, इंग्लंडला गेल्यावर तर वाढलीच.

आम्ही ब्रिस्टलला राहत होतो. नवरा विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, वर्क परमिटवर. पाच वर्षं भरली आणि त्या हिवाळ्यात आम्ही तिथे कायमचं राहण्यासाठी अर्ज केला. दोघांचे पासपोर्ट अर्जाबरोबर गेले. त्यानंतर आपण करायचं असं काही उरत नाही, नुसती वाट बघायची. मला तेच जमत नाही. दाराच्या फटीतून टपाल पडायची वेळ अकराची, पण मी नऊपासून जिन्यावर चढ-उतर करायची. पडायचे ते पिझ्झाचे कागद. ते उचलून मी पुन्हा एकदा पायपुसणं झटकायची.

अशात आईचा फोन आला. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीव वाचला, बोलणं जड झालं पण समजत होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड आणलं, नाणं घेऊन त्याच्या आकड्यांवरचं चंदेरी आवरण खरवडलं, इतकं जोरात की दोन आकडेच गेले. दुसरं कार्ड आणलं. बाबांनी फोन घेतला आणि एकेक शब्द ओढत विचारलं, थंडी फार आहे का तिकडे. मी म्हटलं, नाही बाबा, फार नाही. बाहेर खिडकीच्या काचेवर बर्फ धरलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं समजावून सांगितलं. मध्येच पासपोर्ट परत मागितला की अर्ज मागे घेतला असं धरतात. परत आल्यावर मला पहिल्यापासून सुरुवात, नवे फॉर्म, नवी वाट, आणि नियम तर दर सहा महिन्यांनी बदलत होते. माझ्या नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं, त्याने मला अडवलं नाही. तो म्हणाला, "तुला जायचं असेल तर जा. अप्लिकेशन आपण परत करू, इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड. पण तू ठरव." तोच तर घोळ होता. त्याने नाही म्हटलं असतं तर मी भांडून गेले असते.

आठवडाभर मी ठरवत होते. म्हणजे घर पुसत होते, डबे आवरत होते, टेकडीवर चढून पुन्हा उतरत होते. जायचं असं ठरवलं की काढलेली बॅग पुन्हा माळ्यावर जायची आणि नाही जायचं असं ठरवलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

आठवड्यातून तीन दिवस मी एका चॅरिटी शॉपमध्ये बिनपगारी काम करायची. लोकांनी दिलेले जुने कपडे, कपबशा, पुस्तकं मागच्या खोलीत निवडायची आणि किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. माझ्या जोडीला सत्तरीची एक बाई होती. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली, नवरा वारलेला, तोंड फटकळ पण हात मऊ. तिच्या पिशवीत एक कापडी बटवा असायचा आणि त्यात लाकडाच्या चोवीस चकत्या, प्रत्येकीवर एक अक्षर कोरलेलं. रून्स, ती म्हणाली. उत्तरेकडच्या लोकांची जुनी लिपी, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची. तिच्या नवऱ्याने परसातलं सफरचंदाचं झाड पडल्यावर त्याच्या फांदीपासून त्या कापल्या होत्या.

चकत्या बघताच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एकाही अक्षरात आडवी रेघ नव्हती. सगळ्या उभ्या, नाहीतर तिरक्या. मी म्हटलं, हे लाकडावर कोरायला केलेलं आहे, आडवी रेघ लाकडाच्या अंगच्या रेषांच्या दिशेने जाते आणि त्यांत हरवते, नाहीतर लाकूड चिरतं. बाबा ओंडक्यांवर पटाशीने मालकीची खूण करायचे, तीही नेहमी रेषा कापून जाणारी. म्हातारी चकित झाली. इतकी वर्षं मी मुलांना हे शिकवत होते, म्हणाली, आणि तू न शिकता सांगितलंस. त्या दिवसापासून तिने मला सोडलं नाही. चहाच्या वेळी एकेक चकती काढायची आणि सांगायची. हे गुरांचं अक्षर, म्हणजे संपत्तीचं. हे प्रवासाचं. हे वडिलोपार्जित जमिनीचं. त्यांच्या मोठ्या देवाने ही अक्षरं मिळवायला नऊ रात्री झाडाला टांगून घेतलं होतं, स्वतःच्याच भाल्याने जखमी होऊन. असली तपश्चर्या मला परकी वाटली नाही. पण जुन्या वस्तूंवर सापडतं ते मात्र साधंच, ती हसून सांगायची. हा कंगवा अमक्याचा. हा दगड तमक्याने बापाच्या आठवणीसाठी उभा केला.

आणि भविष्य? मी विचारलं. तिने खांदे उडवले. एका रोमन माणसाने लिहून ठेवलंय की जर्मन टोळ्या फांदीचे तुकडे करून, खुणा करून पांढऱ्या कापडावर टाकत आणि वर बघून तीन उचलत. त्या खुणा म्हणजे हीच अक्षरं, हे कुणी सांगू शकत नाही. अक्षरांचे अर्थ जुन्या कवनांतून आलेले, तीही पुढे ख्रिस्ती झालेल्या लोकांनी उतरवून घेतलेली. बाजारातल्या संचात एक कोरी चकतीही असते, दैवाची म्हणून. ती तर अलीकडेच कुणीतरी घुसडली. तिच्या नवऱ्यानेही एक कोरी करून दिली होती, तिचं तिने कोटाला बटण लावलं होतं. एवढं सगळं सांगून ती म्हणाली, तरी मी रोज सकाळी एक काढते, दिवसाला काहीतरी विचार करायला मिळतं.

इथे मला आमच्या गावाबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आपला प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. देवाने उजवी दिली, देवाने डावी दिली, असं म्हणतात आणि मग विषय संपतो. पुन्हा विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. माझ्या जन्माआधी बाबांना वखार विकून पुण्याला जायचं होतं, तिथे फर्निचरचा कारखाना काढायचा होता. आजोबांनी कौल लावला, देवाने डावी दिली. बाबा गावातच राहिले. पुण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, मात्र टेबल-खुर्च्यांची चित्रं काढलेली एक वही त्यांच्या कपाटात होती आणि ती मी पाहिलेली आहे.

तर त्या शुक्रवारी, दुकान बंद व्हायच्या आधी, मी म्हातारीला म्हटलं, माझ्यासाठी एक काढाल? प्रश्न सांगायला नको, ती म्हणाली, मनात धर. तिने कुणाचातरी जुना पांढरा टेबलक्लॉथ टेबलावर पसरला. मी बटव्यात हात घातला आणि मनातल्या मनात मराठीत गाऱ्हाणं घातलं, अगदी गुरवासारखं, गावाचं नाव घेऊन. बाबांकडे जाऊ की थांबू, काय ते सांग. चकती निघाली. तिच्यावर फक्त एक उभी रेघ होती.

"बर्फ," म्हातारी म्हणाली. "सगळं गोठलेलं. ही हालचालीची वेळ नाही, असं म्हणतात."

माझे खांदे खाली आले. कित्येक दिवसांनी मी खुर्चीला पाठ टेकून बसले. म्हातारीने चहा दिला, तो मी गरम असताना प्यायले. निकाल लागला होता आणि तो मी लावला नव्हता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, पासपोर्ट येईपर्यंत थांबते. चकतीचं सांगितलं नाही. तो बरं म्हणाला आणि मग त्याने विचारलं, शुअर ना? मी भाजी ढवळत होते.

त्यानंतर मी रोज फोन करायची. बाबा ओढत ओढत बोलायचे, वखारीच्या फाटकाबद्दल, शेजाऱ्यांच्या म्हशीबद्दल. ये, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आईही म्हणाली नाही. मी त्याचा सोयीचा अर्थ लावला. पण जिन्यावरची चढ-उतर थांबली नाही. निकाल लागला होता तर पाय का थांबत नव्हते, हे स्वतःला विचारायचं मी टाळत होते.

महिन्याभराने दुसरा झटका आला आणि बाबांची वाचा गेली. पासपोर्ट त्यानंतर पंधरा दिवसांनी आले, दोन्हींत कायमच्या राहण्याचा शिक्का. तिकीट काढून मी दुकानात सांगायला गेले. म्हातारीने विचारलं, इतके दिवस का थांबलीस, आणि मी तिला खरं सांगितलं. तुमची बर्फाची चकती आली म्हणून. ती हातातली इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"अगं बाई," ती हळू म्हणाली, "मी तर सकाळी तीन-तीन वेळा काढते. आवडेल ती येईपर्यंत."

तिची काही चूक नव्हती. ती चकती विचार करायला काढायची आणि मी हुकूम घ्यायला काढली होती. ती बिचारी बटवा उपडा करून शोधू लागली, बर्फाची चकती काढली आणि माझ्या हातात दिली. आता ही माझ्याजवळ नको, म्हणाली. मी ती पर्समध्ये टाकली आणि हीथ्रो विमानतळाची बस धरली.

गावी पोचले तेव्हा बाबा पडवीत खाटेवर होते. मला पाहून त्यांचा डावा डोळा भरला, उजवा कोरडाच राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते आणि न विचारता सगळं सांगायला लागले. अर्ज, पासपोर्ट, म्हातारी, रून्स. चकती काढून आईला दाखवली. हे बघ, मला तिकडे कौल लागला होता, थांब म्हणून. मी काय करणार होते? माझा आवाज चढला होता, ते मला ऐकू येत होतं.

आईने चकतीला हात लावला नाही. सूप बाजूला ठेवलं.

"कौल मीपण लावला होता," ती म्हणाली. "पहिला झटका आला त्याच आठवड्यात. पोरीला बोलवू का म्हणून विचारलं. देवाने उजवी दिली."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"यांनी सांगू दिलं नाही. तेव्हा बोलता येत होतं यांना. म्हणाले, कौल सांगितलास तर ती येईलच, तिला यावंच लागेल. मी एका कौलावर सगळा जन्म इथे काढला, तिला त्यात नको अडकवू. तिला यावंसं वाटलं तर येईल."

बाबा ऐकत होते. मला कळेना कुठे बघावं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं आणि मी परक्या मुलखात जाऊन एक लाकडाची चकती शोधून ते लावून घेतलं होतं. देवाचा कौल त्यांनी लपवला, कारण तो मला बांधेल. मी मात्र बांधून घ्यायला काहीतरी हुडकत होते. ती शुक्रवारची खुर्ची, तो गरम चहा, सगळं मला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्यांनी डावा हात पुढे केला. मी चकती दिली. अंगठ्याने त्यांनी ती रेघ चाचपली, खालपासून वरपर्यंत, मग कडेला नखाने खरवडून नाकाशी नेली. सागवान नाही, फणस नाही, शिसव नाही. पन्नास वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला ते लाकूड ओळखता येईना. कपाळावर आठ्या घालून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सफरचंदाचं आहे," मी म्हटलं. आणि मग, त्याच दमात, "बाबा, मला यावंसं वाटलं नव्हतं. तुम्हाला असं बघायची भीती वाटत होती. आणि तो शिक्काही हवा होता. चकतीचं काही नाही, ती मी निमित्ताला धरली."

आई पदराने डोळे पुसायला लागली. बाबांनी चकती उशाशी ठेवली. मग तोच हात खाटेवर, स्वतःच्या शेजारी, आपटला. एकदा, आणि जरा वेळाने पुन्हा एकदा.

मी बसले. दिवे लागले, आईने आत जाऊन भात टाकला, शिट्या झाल्या, तिने दोनदा हाक मारली. मी उठले नाही.