दमट हवेतली पावडर

आखातातल्या अल मनखूल वस्तीतले आमचे शेजारी काका हौशी नेमबाज. इथे घरी काडतुसं भरता येत नाहीत, क्लबचीच वापरावी लागतात. तरी पिस्तुलाच्या काडतुसात कोणती दारू भरावी, यावर ते माझ्याशी तासन्‌तास वाद घालत. दारू म्हटलं की लोक दचकतात, म्हणून चारचौघांत ते ‘पावडर’ म्हणत.

एकदा लिफ्टमध्ये ते म्हणाले, “इथल्या दमट हवेत गुठळ्या न होणारी पावडर हवी.”

शेजारी उभ्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “नातवासाठी का हो?”

“नाही, मलाच. पण धूर नको.”

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बेबी पावडरचा डबा आणून दिला. “काका, हिचा अजिबात धूर होत नाही.”

मला हसू आवरेना. काकांनी मात्र रेंजवर घामेजलेल्या तळव्यांना ती चोळली आणि कधी नव्हे इतका अचूक नेम साधला. मी वाद उकरून काढला, तर म्हणाले, “खलास! मिटला तो विषय.”