चाळीस सेकंदांचं पाऊल

ऑफिसात सगळे तिला पाऊलबाई म्हणत. नाव चेष्टेतलं, पण कामाला चपखल. कंप्युटरमधला समुद्र चौकटीचौकटींचा असतो. बंदराच्या चिंचोळ्या तोंडाशी तर एकेक चौकट जेमतेम शंभर मीटरची. त्यातलं पाणी ठराविक सेकंदांच्या पावलांनी पुढे सरकवायचं, आणि एका पावलात ते अख्खी चौकट ओलांडून उडी मारत नाही ना, हे बघायचं. मारली, की आकडे बेफाम सुटतात आणि पडद्यावरचा समुद्र फुटून जातो. अठरा वर्षं ती हे बघत आली होती. पाऊल वीस सेकंदांचं, पाणी फार तर सेकंदाला साडेतीन मीटरच्या वेगाचं. वीस साडेतीन सत्तर. शंभराच्या आत. मग सही.

सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी तिनं चार दिवस रजा घेतली होती. पाचव्या दिवशी सकाळी नऊला ती जागेवर बसली, तर प्रवाहाचा अंदाज बंदराकडे केव्हाच रवाना झालेला.

"बघितलंत?" विभागप्रमुख चहाचा कप घेऊन आले. "तुम्ही नव्हता तरी रोज वेळेवर. एक दिवस उशीर नाही."

तिनं आलेख उघडला. बंदराच्या तोंडाशी वेग वर चढत होता, अडीचवर पोचत होता आणि पुढची चाळीस मिनिटं तिथंच, पट्टीनं रेघ मारावी तसा सपाट. मग खाली. काल तसंच. परवा तसंच.

समुद्र असा वागतो होय! तो वर जाताना थरथरतो, खाली येताना रेंगाळतो. इथं कुणीतरी कात्रीनं त्याचा शेंडाच छाटला होता.

तिनं आतली मांडणी काढली. पाऊल वीसऐवजी चाळीस सेकंदांचं, म्हणजे गणित निम्म्या वेळात. त्याखाली एक नवी ओळ, वेग अडीचच्या वर गेला तर अडीचच धरावा. तिनं मनातल्या मनात गुणलं. अडीच चाळीसं शंभर. बरोब्बर शंभर! चौकट ओलांडली जाऊ नये म्हणून पाऊल लहान करायचं सोडून पाण्यालाच दम भरला होता.

आणि खाली, 'स्थिरता तपासली' या रकान्यात, चारही दिवस तिची आद्याक्षरं. आजही. जुन्या कागदावरून आपोआप उतरलेली.

परवाच धाकट्या भावानं फोनवर थट्टा केली होती, "ताई, तुझा समुद्र आळशी झालाय की माझे हात म्हातारे झालेत? तू म्हणतेस पाणी थांबलंय, आणि ते मला फरफटत नेतंय." भाऊ पाणबुड्या. अंदाजात दिलेल्या वेळी, प्रवाह थांबला की पाण्याखाली जाऊन धक्क्याचे खांब दुरुस्त करायचा. ती हसली होती तेव्हा. हसली होती!

शेंडा छाटला की तेवढं पाणी मागे राहतं, आणि प्रवाह थांबायची वेळही चुकते. आजची वेळ साडेअकराची दिली होती.

"साहेब, ही अडीचची ओळ कुणी घातली?"

"मीच. तिच्याशिवाय गणिताचा रन फुटत होता. आता फुटत नाही, म्हणजे स्थिर आहे."

"कुकरच्या शिट्टीत खडा कोंबलात तुम्ही! आणि शिट्टी होत नाही म्हणून खूश?"

"आवाज खाली, बाई. वेळेत व्हायला नको? वरून विचारणा होते."

"खालून माणूस वर यायला नको?"

तिनं पाऊल वीसवर आणलं, ती ओळ खोडली, रन नव्यानं लावला. अडीच तास लागणार होते. तेवढा वेळ भावाकडे नव्हता. तिनं फोन लावला.

"आज उतरायचं नाहीस."

"अगं, धक्क्यावरच्या फलकावर तुमच्याच अंदाजानं साडेअकराला हिरवं आहे! मुकादम घड्याळ घेऊन डोक्यावर बसलाय."

"ते हिरवं खोटं आहे. माझ्या नावानं खोटं आहे. दोरीला वजन बांध, साडेअकराला सोड आणि मला सांग."

"आणि मुकादमाला काय सांगू?"

"सांग, बहीण वेडी आहे."

साडेअकरा वाजून दोन मिनिटांनी फोन आला. "ताई, दोरी आडवी चाललीय. हातात धरवत नाही."

"मग बस काठावर."

बाराला नवा रन संपला. प्रवाह थांबायची वेळ सव्वाबाराची निघाली. पंचेचाळीस मिनिटांचा फरक. वेगाचा शेंडा साडेतीनला टेकून थरथरत होता, जिवंत. तिनं अंदाज बंदरावर धाडला, पाचही दिवसांचे कागद छापून घेतले आणि लाल पेनानं एकेक आद्याक्षर खोडत गेली. पेनाचं टोक कागदात रुतत होतं.

विभागप्रमुख शेजारी येऊन उभे राहिले. "पुरे आता. झालं ना सगळं नीट?"

"नीट काही झालं नाही. तो आज उतरला नाही, एवढंच झालं." तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवले. "आधीचे चार दिवस उतरला होता. इथं तुमची सही करा."