दगडूच्या टाकासाठी जर्मन नाणं

सन १९७३. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, संगमनेरात टाक घडवायचो. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा पातळ पत्रा. त्यावर देव, नाहीतर घरातला मेलेला माणूस उठवलेला असतो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण माझ्यासारखे ठसे तालुक्यात कोणाकडं नव्हते.

पारूबाई मिशनच्या जर्मन पादरीबाबांना घेऊन आली. तिथं ती दुष्काळात वाटायची सुकडी शिजवायची. तिचा नवरा दगडू दुष्काळी कामावर दरडीखाली गेला होता. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. त्या दिवशी टाक बसला नाही तर घरात राहू नको, असं दिरानं बजावलेलं. अंगावरची चांदी तिनं ज्वारीसाठी कधीच विकली होती.

बाबांनी रुमालातून एक नाणं काढलं. त्यांच्या शहराचं, शेकडो वर्षांपूर्वीचं. पिंपळपानासारखं पातळ, एकाच बाजूनं ठोकलेलं, मागं पोकळ. अगदी टाकासारखं. वर काठी धरून बसलेला माणूस. तो तिथला धर्मगुरू, बाबा म्हणाले. याच्यावर तिकडं भाकरी मिळायची. आटवा.

मी मूस भट्टीवर ठेवली. चांदी तिच्यातच वितळवतात. पुरुषाचा टाक म्हणजे घोडेस्वार, म्हणून तो ठसा काढला.

"मामा, घोडा नगं," पारूबाई म्हणाली. "धनी जलमभर मेंढरांमागं पायीच गेलं. असंच बसायचं, काठी घिऊन."

मी म्हणालो, परका माणूस देव्हाऱ्यात कसा बसेल?

"बसवला की आपलाच."

मग आटवलं नाही. मागं लाख भरली, कड दुमडली, तसाच टाक करून दिला. मजुरी घेतली नाही.

श्राद्धाच्या दुपारी दीर टाक घेऊन दुकानात. भावकीदेखत त्यानं तो पाटावरून उचलला होता.

"ह्यो कुठला पादरी आमच्या घरात घातला, सोनार? आटव आन् घोडा काढ."

"टाक बाईचा. तिनं सांगितल्याबिगर हात लावणार नाही. तुझा आजा आला तरी नाही."

टाक मी ठेवून घेतला. तो शिव्या देत गेला.

दिवस कलताना पारूबाई आली. ओठ सुजलेला.

"आटवा, मामा."

"तू सांगतीस का तो?"

"मला त्या घरात ऱ्हायचं हाय. पोरगी हाय पदरात."

इतकी वर्षं टाक केले, त्यात एवढं कळलं. मेलेला कसा दिसायचा, हे रडणारा सांगत नाही. घर ज्याच्या ताब्यात, तो सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली, लाख काढली, नाणं मुशीत टाकलं आणि घोडेस्वार ठोकला.