दक्षिणमुखी गाडी

आमचं घर दर दोन वर्षांनी तपासणीला जातं. ब्रेक, दिवे, धूर वगैरे बघून एक गंभीर जर्मन माणूस ते पास की नापास ठरवतो. पुण्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण तुमचं खरं घर कुठे आहे?" मला त्या ‘खरं’चा फार राग येतो. हेच खरं. दुसरं नाही. एर्लांगेनच्या बाहेर तळ्याकाठी एक कॅम्पिंगप्लाट्झ आहे, तंबू आणि गाड्या लावून राहायचं मैदान, तिथे बारा महिने राहायला मिळतं, आणि तिथल्या हिरवळीवर आमचं वोनमोबिल उभं असतं. वोनमोबिल म्हणजे पलंग, ओटा आणि संडास पोटात घेऊन फिरणारी मोठी गाडी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. इथे आम्हीच बिऱ्हाडाच्या पोटात.

हौस म्हणून आलो नव्हतो. आमच्या घरमालकाच्या मुलीला राहायला जागा हवी झाली आणि ‘आयगनबेडार्फ’ या शब्दानं आम्हाला बाहेर काढलं. मालकाला स्वतःला गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण तो शब्द आला की आवरायला घ्यायचं असतं. नवा फ्लॅट बघायला जावं तर जिन्यात पंगतीला बसावी तेवढी माणसं उभी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं आपली जुनी गाडी विकायला काढली होती. घर मिळेपर्यंत म्हणून आम्ही ती घेतली. नवरा अजून त्या ‘मिळेपर्यंत’मध्येच राहत होता. मी मात्र पहिल्याच आठवड्यात घरात राहायला गेले होते.

इथे राहायचं म्हणजे एक जण उठला की दुसऱ्यानं बसायचं. भांडण झालं तर पाय आपटत दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, कारण दुसरी खोली म्हणजे बाहेरचं अख्खं बव्हेरिया. निघताना प्रत्येक कप्प्याला कडी लावायची, नाहीतर पहिल्याच वळणावर तुरीची डाळ आपल्या आधी पुढे जाते. संडासाखाली चाकं लावलेली एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती भरली की प्रवासाच्या बॅगेसारखी ओढत नेऊन रिकामी करायची. आज कुणाची पाळी, यावर आमच्या संसारात जेवढा वाद झाला तेवढा लग्न कुठल्या पद्धतीनं करायचं यावरही झाला नव्हता.

पण सकाळी दार उघडलं की समोर तळं. कपाट एवढंसं, त्यामुळे काय घालू हा प्रश्न नाही. लग्नापासून मी वस्तू घेत होते आणि मग त्या पुसत होते. आता पुसायला वस्तूच उरल्या नव्हत्या. इतकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं. कुणी हे काढून घेतलं तर, या नुसत्या विचारानं मी रात्री उठून दाराची कडी बघून यायचे.

आणि तो काढून घेणारा दिवस उजाडला. मे महिन्यात नवऱ्याला फ्युर्थमध्ये एक फ्लॅट मिळतोय असं कळलं. मालकीणबाईंना शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही हवं होतं. त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या.

"आईलाच ठरवू दे," नवरा म्हणाला. "ती दरवर्षी तीन महिने येणार. तिला जिथे राहता येत नाही ते माझं घर नाही. ती नको म्हणाली की गाडी विकायची."

"आणि मला काय हवंय ते?"

"तू आईला आवडतेसच की," तो म्हणाला. या उत्तराचा प्रश्नाशी काय संबंध, ते फक्त नवरे लोकांना कळतं. आईबद्दलचं त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

सासूबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पायरी अशी चढली की जणू रोज वोनमोबिलमध्येच राहते. मग तपासणी सुरू झाली. तो पास-नापासवाला जर्मन त्यांच्यापुढे अगदीच मवाळ म्हणायचा. ओट्याखाली वाकून बघितलं, पलंगाखालचं भांडार उघडून बघितलं, नळ सोडला आणि मी "अहो आई, टाकीत पाणी मोजकंच असतं" म्हणायच्या आत बंदही केला.

"देव कुठे आहेत?"

मी वरचा कप्पा दाखवला. गाडी चालू असताना देव घरंगळू नयेत म्हणून मी त्यांना रुमालात गुंडाळून ठेवत असे.

"आणि या भिंतीपलीकडे काय आहे?"

पलीकडे संडास होता. मी खिडकीबाहेरच्या बदकांकडे बोट दाखवलं. त्यांनी बदकांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला, त्यावर होकायंत्र उघडलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोनदा गोल फिरल्या. "दार दक्षिणेला आहे," एवढंच म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. नवऱ्यानं माझ्याकडे ‘झालं’ अशा नजरेनं बघितलं. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी कांदा चिरायला घेतला.

दुसरा दिवस गप्प गेला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "इथे राहायला आलात तेव्हा दूध उतू घातलं होतंत का?"

नव्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा चुलीवर दूध ठेवायचं आणि ते भांड्याबाहेर जाऊ द्यायचं, ही आपली रीत. घर भरून वाहो म्हणून. आम्ही घातलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं, आणि नवऱ्याला हे घर वाटतच नव्हतं.

"अगं आई, ही टेक्निकली गाडी आहे," तो म्हणाला.

"मग चाकाखाली लिंबू ठेवू? एकदा काय ते ठरवा. गाडी असेल तर लिंबू, घर असेल तर दूध. दोन्ही आहे माझ्याकडे." खरोखरच होतं. लिंबं त्यांनी सांगलीहून आणली होती, जर्मनीत मिळत नाहीत अशा समजुतीनं.

मी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दूध," मी म्हणाले.

"बरं. पण दार दक्षिणेला असताना नाही," त्या म्हणाल्या आणि कप खाली ठेवला. "मी लग्न होऊन आले तेव्हा सांगलीच्या घराचं दार दक्षिणेला होतं. म्हैस आटली, दार दक्षिणेला म्हणून. धाकट्या भाऊजींची नोकरी गेली, दार दक्षिणेला म्हणून. दाराला बोलून काही दार वळत नाही. मग सासूबाई मला बोलायच्या. मी आत आले त्या दारानं, म्हणजे सगळं माझ्याबरोबर आत आलं. सणासुदीला मला मागच्या दारानं ये-जा करायला लावायच्या. याचे वडीलही कधी काही बोलले नाहीत."

त्या हे सगळं दुधाचा भाव सांगावा अशा सुरात सांगत होत्या. नवऱ्याचा चेहरा पडला. त्यालाही हे माहीत नव्हतं. लहानपणी तो त्यांच्यामागून मागच्या दारानं पळत असे, तो खेळ आहे असं त्याला वाटायचं.

"अहो आई," मी म्हणाले, "हे दार वळतं की."

"म्हणजे?"

"म्हणजे किल्ली फिरवायची, गाडी वळवायची, दार पूर्वेला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकाकडे. नकळत त्यांचा हात होकायंत्राकडे गेला.

गाडी वळवायची म्हणजे आधी विजेची वायर काढायची, दारावरचं कापडी छत गुंडाळायचं, खुर्च्या उचलायच्या. एवढ्या हालचालीनं आमचे शेजारी आजोबा बाहेर आले. निवृत्त सरकारी अधिकारी. कॅम्पिंगप्लाट्झचे नियम तोंडपाठ आणि तेही आवडीनं. आम्ही निघालो का, त्यांनी विचारलं. नाही, फक्त तोंड फिरवतोय, मी म्हटलं.

"पण का? ही ज्युडलागे आहे!" ते जवळजवळ ओरडले. ज्युडलागे म्हणजे दक्षिणाभिमुख जागा. "दिवसभर ऊन! ही जागा मिळावी म्हणून मी किती वर्षं प्रयत्न केला!"

मी सासूबाईंना समजावून सांगितलं. इथे ऊन दक्षिणेकडून येतं, आणि उन्हाचं इथे एवढं अप्रूप की घराच्या जाहिरातीत दक्षिण दिशा असेल तर लोक जास्त भाडं देतात.

"दक्षिण?" सासूबाई म्हणाल्या. "चांगली म्हणून?"

"गेनाऊ," आजोबा म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. त्यांना मराठीतलं काय कळलं देव जाणे.

मग ते नियमांची पाटी वाचून आले. गाड्यांमध्ये अंतर किती हवं ते होतं, तोंडाच्या दिशेबद्दल काहीच नव्हतं. ते जरा खट्टू झाले, पण विमान उतरवावं तसे दोन्ही हात हलवत त्यांनी नवऱ्याला मागेपुढे करायला लावलं. सासूबाई होकायंत्र हातात धरून गाडीबरोबर चालत होत्या. "अजून, अजून, थोडं अजून... बास!" दार बरोबर पूर्वेला आलं. त्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. उजवा पाय आधी टाकून आत गेल्या आणि कारण नसताना परत बाहेर येऊन पुन्हा आत गेल्या. त्यानंतर कुंकवाची डबी काढून गाडीच्या अंगावर स्वस्तिक काढायला निघाल्या, तेव्हा मात्र मी आडवी आले. या देशात ते का काढायचं नाही, हे सांगेपर्यंत माझी दमछाक झाली. शेवटी कुंकवाची पाच बोटं ओढण्यावर तडजोड झाली.

दूध गॅसवर चढलं तेव्हा दुपारची शांततेची वेळ सुरू झाली होती. त्या वेळात कॅम्पिंगप्लाट्झवर खोकायचं असेल तरी लोक आत जाऊन खोकतात. आम्ही तिघं ओट्यासमोर हात जोडून उभे. दूध वर आलं, काठाशी घुटमळलं आणि भसकन बाहेर गेलं. कुणी हलायचं नव्हतं, ते वाहू द्यायचं होतं. दुधानं ज्योत विझली, दुधाचा धूर झाला, आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलायला लागला की तळ्यातली बदकं उडाली.

दार उघडलं आणि आजोबा आग विझवायचं नळकांडं घेऊन आत. त्यांनी जे बघितलं ते असं: भोंगा वाजतोय, दूध उतू जातंय, आणि तीन धडधाकट माणसं हात जोडून शांतपणे त्याच्याकडे बघतायत.

नवऱ्यानं गॅस बंद केला. मी खिडक्या उघडल्या. आजोबांना मी रीत समजावली. त्यांनी नळकांडं खाली टेकवलं. "म्हणजे हे मुद्दाम होतं?"

"हो."

"आणि आता ठीक आहे?"

सासूबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी ती खाल्ली आणि नळकांडं काखेत मारून निघून गेले.

दुपार कलल्यावर आम्ही बाहेर खुर्च्या टाकल्या. दार पूर्वेला, त्यामुळे गाडीची सावली अंगावर, आणि मे महिन्यातली जर्मन सावली म्हणजे उघडा फ्रीज. समोर कॅम्पिंगप्लाट्झचे कचऱ्याचे डबे रंगवार मांडलेले. सासूबाईंनी आधी शाल घेतली, मग स्वेटर चढवला, मग माझीही शाल मागून घेतली. गाडीच्या त्या बाजूला, जिथे सकाळपर्यंत आमचं दार होतं, तिथे गवतावर ऊन पसरलं होतं. त्या उठून तिकडे गेल्या. उन्हात उभ्या राहिल्या. परत आल्या.

"अरे," त्या लेकाला म्हणाल्या, "परत दक्षिणेला कर बघू."

"आई! आत्ताच तर..."

"दूध घालून झालं पूर्वेला. आता मला ऊन हवंय." आणि जरा थांबून म्हणाल्या, "आणि पुढचंच दार, मागचं नाही. मला त्याच दारात बसायचंय."

त्यानं निमूटपणे सगळं पुन्हा काढलं. आजोबा न बोलावता आले आणि हात हलवायला लागले. आता ते आमच्यातलेच झाले होते. दार दक्षिणेला आलं. सासूबाई उंबरठ्यावर बसल्या, पाय पुढच्या पायरीवर लांबवले, डोळे मिटून ऊन खायला लागल्या. आजवर मी त्यांना कधी पाय लांबवून बसलेलं बघितलं नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि मी तसं म्हणालेही. "रडू नकोस, सरक जरा, उजेड अडवतेस," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. फ्युर्थच्या मालकीणबाई. शुक्रवारपर्यंत थांबायची तयारी होती त्यांची, पण आज कळलं तर बरं, म्हणत होत्या. नवऱ्यानं फोनवर हात ठेवला आणि आईकडे बघितलं.

"आई, काय सांगू?"

"चांगला आहे का फ्लॅट?"

"चांगला आहे. तीन खोल्या. दार दक्षिणेला आहे, पण तुला आता त्याचं काही..."

"काही नाही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "वळतं का पण ते?"

"अगं, इमारत आहे ती. कशी वळेल?"

"मग नको," त्या म्हणाल्या. "ज्या घराला वळता येत नाही, ते सुनांना वळवत बसतं."